गोबरगॅस, निकेल आणि स्वावलंबनाची कसोटी

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू साठवून त्यावर दिवे लावण्यात आले. भारतातील जैववायूच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या नोंदीपासून केला जातो. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पन्नासच्या दशकात जशभाई पटेल यांचा तरंगत्या टाकीचा आराखडा आला, खादी आयोगाने तो गावोगावी नेला. आपल्याकडे देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांचा ध्यास आयुष्यभर घेतला. सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत संयंत्रे बदलली, टाक्या बदलल्या, अनुदानाचे नियम तर दर चार वर्षांनी बदलले. परंतु या वायूकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. हा वायू जाळायचा असतो, हे गृहीतक माटुंग्याच्या दिव्यांइतकेच जुने आहे आणि आजही ते तसेच उभे आहे.

केंद्र शासनाने २०१८ साली 'गोबरधन' आणि 'सतत' या दोन योजना आणल्या. 'सतत'मध्ये पाच हजार संयंत्रांचे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी २०२३ ची मुदत धरली होती. मुदत संपली तेव्हा उद्दिष्टाचा अगदी अल्प भागच प्रत्यक्षात आला होता. तरीही दिशा योग्य होती, हे मान्य करावयास हवे. इंदूरसारख्या शहराने फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा पचविणारे आणि सुमारे १७ हजार किलो शुद्ध वायू देण्याच्या क्षमतेचे संयंत्र सुरू करून दाखविले. पण या सर्व संयंत्रांत काय घडते? जैववायूत साधारण साठ टक्के मिथेन आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. त्यातील मिथेन सिलिंडरमध्ये भरला जातो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी हवेत सोडून दिला जातो. हाती आलेल्या वायूचा दोन पंचमांश भाग निरुपयोगी ठरवून त्यातून वाट काढण्याची ही रीत आहे.

रसायनशास्त्राला मात्र हा भाग निरुपयोगी वाटत नाही. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही वायू सातशे ते नऊशे अंश सेल्सिअस तापमानाला योग्य उत्प्रेरकावरून नेले, की त्यांच्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण मिळते. यालाच संश्लेषण वायू म्हणतात आणि या क्रियेला ड्राय रिफॉर्मिंग. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ सालीच तिचा अभ्यास केला होता. संश्लेषण वायूपासून मिथेनॉल करता येते, पाण्याची वाफ मिसळून हायड्रोजनचे प्रमाण वाढविता येते, आणि हायड्रोजन हाती आला की अमोनियाचा, म्हणजे खताचा मार्ग मोकळा होतो. जे आज चुलीत जळते किंवा वाहनाच्या टाकीत जाते, ते उद्योगाचा कच्चा माल ठरू शकते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची जी व्याख्या ठरविली, तिच्यात जैवभारापासून केलेल्या हायड्रोजनलाही स्थान आहे. अट एवढीच, की एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोंपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू नये. म्हणजे दार उघडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची चर्चा मात्र बहुशः पाण्याच्या विद्युत विघटनाभोवती फिरते. एक किलो हायड्रोजनसाठी तेथे पन्नासहून अधिक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे हा हिशेब निराळ्या नजरेने वाचला पाहिजे.

या सगळ्या प्रक्रियेचा प्राण उत्प्रेरकात आहे. रोडियम, रुथेनियम यांसारखे मौल्यवान धातू हे काम उत्तम करतात. पण त्यांची किंमत ऐकून प्रयोगशाळेचा लेखापालही दचकतो. म्हणून उद्योगजगताने निकेलची निवड केली. निकेल भारतीय स्वयंपाकघराला परका नाही. पॉल सबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला ज्या शोधासाठी १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तो सूक्ष्म धातुकणांच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याचा शोध होता आणि त्याच तत्त्वावर, निकेलच्याच साहाय्याने, वनस्पती तुपाचा डबा घराघरांत पोहोचला. आज देशातील खत कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत तयार होणारा बहुतांश हायड्रोजनही नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया करून, ॲल्युमिनावर बसविलेल्या निकेलच्या साहाय्यानेच मिळतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातून जे युरियाचे पोते शेतकऱ्याच्या बांधावर येते, त्याची पहिली पायरी हीच आहे.

निकेल एकटा हे काम करू शकत नाही. त्याला पाय रोवण्यासाठी जागा लागते आणि ती जागा ॲल्युमिना देतो. बॉक्साइटपासून मिळणाऱ्या या पांढऱ्या भुकटीचे 'गॅमा' रूप इतके सच्छिद्र असते, की तिच्या एका ग्रॅममध्ये कबड्डीच्या मैदानाहून अधिक पृष्ठभाग सामावलेला असतो. त्या पृष्ठभागावर निकेलचे कण विखरून बसवायचे. कण जितके बारीक आणि जितके विलग, तितकी क्रिया जोमदार. हे ऐकण्यास सोपे आहे. अडचण पुढे सुरू होते.

पहिला शत्रू काजळीचा. मिथेन फुटताना आणि कार्बन मोनॉक्साइडचे विघटन होताना निकेलवर कार्बन साचतो. तो नुसता थर म्हणून साचला असता तरी एक वेळ चालले असते. पण निकेलच्या कणाखालून कार्बनचा तंतू उगवतो, वाढत जातो आणि निकेलचा कण आपल्या टोकावर घेऊन आधारापासून उचलतो. वारूळ जसे भिंतीच्या आतून फुटते, तशी उत्प्रेरकाची गोळी आतून फुटते. नळीत भुकटी साचते, वायूचा मार्ग अडतो आणि कारखाना थांबवावा लागतो. निकेलचा कण दहा नॅनोमीटरपेक्षा लहान ठेवला तर हे तंतू वाढण्यास सहजासहजी वाव मिळत नाही. परंतु लहान कण लहान ठेवणे हीच दुसरी लढाई. सुमारे सहाशे अंशांच्या वर निकेलचे कण पृष्ठभागावर हालू लागतात, एकमेकांस मिळून मोठे होतात. आणि क्रियेला तर आठशे अंश हवेत. वाफ असली की हे मीलन अधिकच वेगाने होते. ॲल्युमिनाचीही त्या उष्णतेत परीक्षा असते. तापमान हजाराच्या पलीकडे गेले की त्याचे सच्छिद्र रूप घट्ट रूपात बदलते आणि कबड्डीच्या मैदानाचे अंगण, अंगणाची ओसरी होते. शिवाय निकेल आणि ॲल्युमिना यांचा संयोग होऊन निळसर रंगाचे निकेल ॲल्युमिनेट तयार होते. त्यात अडकलेला निकेल कामास येत नाही. आणि तरीही गंमत अशी, की थोड्या प्रमाणात हाच घट्ट बंध निकेलच्या कणांना एकत्र येण्यापासून रोखतो. किती बंध हवा आणि किती नको, हे ठरविण्यातच कारागिरी आहे.

तिसरा शत्रू गंधक, आणि गोबरगॅसच्या बाबतीत खरा तोच. नैसर्गिक वायू कारखान्यात येईपर्यंत पुष्कळसा निर्मळ असतो. शेणाचा वायू तसा नसतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड दशलक्ष भागांत शेकड्यांनी, कधी हजारांनी असतो. साखर कारखान्यांना जोडलेल्या मद्यार्क प्रकल्पांच्या सांडपाण्यापासून निघणाऱ्या वायूत तर गंधक शेणाच्या वायूहून कितीतरी अधिक. निकेलला दशलक्षांत एखाद-दुसरा भागही जड जातो. गंधकाचा अणू निकेलवर बसला की उठण्याचे नाव घेत नाही. गोबरगॅसचे जुने कारागीर वायूच्या वाटेवर लोखंडाचा कीस भरलेला डबा बसवीत, तो याच गंधकासाठी. आजही पहिली गाळणी लोहाच्या संयुगाचीच असते. पण निकेलपर्यंत पोहोचण्यासाठी त्यानंतर आणखी एक-दोन बारीक गाळण्या लागतात आणि प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा भाग तेथेच जातो. या विषातही एक उपकार दडलेला आहे, हे डेन्मार्कच्या टॉपसो कंपनीने ऐंशीच्या दशकात दाखवून दिले. गंधकाची अगदी मोजकी मात्रा निकेलच्या त्याच जागा झाकते जेथे कार्बनचे तंतू उगवतात, आणि मूळ क्रिया मंद गतीने का होईना चालू राहते. विषाची मात्रा मोजता आली की त्याचे औषध होते, हे आयुर्वेदाच्या देशाला कोणी शिकवावे असे नाही. पण येथे ते डेन्मार्कने केले.

या शत्रूंना तोंड देण्यासाठी निकेल-ॲल्युमिनात इतर द्रव्यांची भर घातली जाते. मॅग्नेशिया आणि कॅल्शियमचे ऑक्साइड ॲल्युमिनाची आम्लता कमी करतात आणि कार्बन डायऑक्साइडला जवळ ओढतात. सीरियम आणि लँथेनमची ऑक्साइडे साचू लागलेला कार्बन जाळून टाकण्यास मदत करतात. या क्षेत्रात भारतीय, किंबहुना महाराष्ट्रातील प्रयोगशाळांचे काम उपेक्षणीय नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. वसंत चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात निकेल आणि कॅल्शियम, निकेल आणि मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांवर मिथेनचे संश्लेषण वायूत रूपांतर करण्याचे जे प्रयोग केले, त्यांची दखल जगभरच्या शोधनिबंधांत घेतली गेली. कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडा ऑक्सिजन देऊन क्रियेची उष्णतेची भूक तिच्यातूनच काही अंशी भागवावी, ही त्या कामामागील कल्पना जैववायूला नेमकी लागू पडणारी आहे. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेतही या विषयावर सातत्याने काम झाले आहे.

मग अडते कोठे? स्वदेशीचा विचार करणाऱ्यांचे बोट येथे चटकन निकेलच्या आयातीकडे जाते. खनिजापासून निकेल काढणारा उद्योग भारतात व्यापारी प्रमाणावर उभा राहिलेला नाही, हे खरे. ओडिशातील सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींवरील मातीत निकेल आहे आणि भुवनेश्वरच्या प्रयोगशाळेत ते वेगळे करण्याच्या पद्धतींवर अनेक वर्षे काम झाले आहे. इंडोनेशियाने २०२० च्या आरंभी कच्च्या खनिजाची निर्यात थांबविली, मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातू बाजारात निकेलचा भाव टनाला लाख डॉलरच्या पलीकडे गेल्याने व्यवहार बंद करावे लागले. आणि २०२३ साली भारताने निकेलला महत्त्वाच्या तीस खनिजांच्या यादीत स्थान दिले, ते योग्यच झाले. परंतु उत्प्रेरकाच्या संदर्भात या आयातीचा बाऊ करण्याचे कारण नाही. एक टन उत्प्रेरकात निकेल साधारण शंभर ते दोनशे किलो असतो, तो वर्षानुवर्षे नळीत राहतो, आणि काम संपल्यावर पुन्हा काढून घेता येतो. ॲल्युमिनाची तर ददातच नाही. ओडिशातील दामनजोडी येथे तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइटवर बेळगावचा कारखाना चालत आला आहे. सीरियम आणि लँथेनम केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत आहेत. कच्चा माल हाताशी आहे आणि विद्वत्ताही आहे.

नाही तो पूल. प्रयोगशाळेत उत्प्रेरक तपासला जातो तो सिलिंडरमधून येणाऱ्या शुद्ध मिथेनवर आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर. अनेकदा त्यातही नायट्रोजनची भर घालून. पन्नास तास, शंभर तास क्रिया टिकली की निबंध लिहिला जातो आणि त्याच्या अखेरीस 'जैववायूसाठी आशादायक' असे शब्द येतात. खऱ्या गोबरगॅसचा वास त्या उत्प्रेरकाला कधी लागलेलाच नसतो. कारखानदाराला हवा असतो तो वर्षानुवर्षे टिकणारा उत्प्रेरक. वीज गेल्यावर थंड पडून पुन्हा तापविला तरी न फुटणारा, पावसाळ्यात शेण पातळ झाले आणि वायूचे प्रमाण बदलले तरी न बिघडणारा. हजारो तासांची ही तपासणी कंटाळवाणी असते, तिच्यातून निबंध थोडे निघतात, पदोन्नती तर मुळीच निघत नाही. म्हणून ती कोणी करीत नाही, आणि मग प्रकल्प उभारणारा उद्योजक डोळे मिटून परदेशी कंपनीचा उत्प्रेरक मागवितो. त्याला दोष कसा द्यावा?

हे भारतात जमत नाही, असे म्हणण्यासही जागा नाही. झारखंडमधील सिंद्रीचा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला. त्याच्या सान्निध्यात डॉ. के. आर. चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली नियोजन व विकास विभाग उभा राहिला आणि खत कारखान्यांना लागणारे उत्प्रेरक तेथे तयार होऊ लागले. परकीय चलनाच्या टंचाईचे ते दिवस होते, आणि गरजेने माणसे कामाला लागली होती. पण सिंद्रीच्या यशाचे एक साधे कारण दुर्लक्षिले जाते. तेथे प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यात एका आवाराचे अंतर होते. भट्टीत काय बिघडले हे सायंकाळी कळत होते आणि सकाळी त्यावर काम सुरू होत होते. तो कारखाना २००२ साली बंद पडला. आता त्याच जागी नैसर्गिक वायूवर चालणारा नवा कारखाना उभा राहून मार्च २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला आहे. जुन्या सिंद्रीतील ती शेजारधर्माची व्यवस्था मात्र जैववायूच्या क्षेत्रात अद्याप निर्माण झालेली नाही.

जपानने ती निर्माण केली, तीही गाईंच्या शेणावर. होक्काइदो बेटावरील शिकाओई या दुग्धव्यवसायाच्या गावी शेणापासून जैववायू, त्यातून मिथेन आणि वाफेच्या साहाय्याने मिथेनपासून हायड्रोजन असा प्रयोग २०१७ सालापासून तेथील पर्यावरण मंत्रालयाच्या पाठबळावर चालविला गेला. तो हायड्रोजन तेथील वाहनांना आणि इंधन घटांना पुरविण्यात आला. शासकीय मदतीविना तो हिशेबात बसला असता की नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण हिशेब मांडता यावा यासाठीसुद्धा आधी खऱ्या शेणावर, खऱ्या हिवाळ्यात, यंत्र चालवून पाहावे लागते. २०१९ च्या पशुगणनेनुसार एकोणीस कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास अकरा कोटी म्हशी बाळगणाऱ्या देशात असे यंत्र आधी चालू व्हावयास हवे होते. गोमयाचे माहात्म्य सांगणारी व्याख्याने आपल्याकडे पुष्कळ होतात. त्याच्या वायूत गंधक किती, हे मोजणारे उपकरण किती गोशाळांत आहे, याचीही एकदा चौकशी व्हावी.

येथे स्वप्नरंजनही टाळले पाहिजे. पाचशे गाईंची एक चांगली चालणारी गोशाळा घेतली, तर रोजचे शेण सुमारे पाच टन आणि त्यातून वायू दोनशे घनमीटरच्या आसपास. त्याचा काही भाग भट्टी तापविण्यासाठी जाळावाच लागेल, कारण ड्राय रिफॉर्मिंगची उष्णतेची भूक मोठी आहे. मिथेनच्या प्रत्येक मोलमागे २४७ किलोज्यूल. उरलेल्यातून हायड्रोजन मिळेल तो पंचवीस-तीस किलो. त्याचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया केला तर दिवसाला सहा-सात पोती. एवढ्यासाठी आठशे अंशांची भट्टी, गाळण्या आणि दाबाची यंत्रे गोशाळेत आणणे शहाणपणाचे नाही. तेथे वायू चुलीत जावा आणि मळी शेतात, हेच बरे. मळीतला नत्र तर भट्टीशिवायच पिकाला मिळतो. गावोगावी हायड्रोजन पिकेल असे जे कोणी व्यासपीठावरून सांगतील, त्यांच्याकडे हा हिशेब मागावा.

हिशेब जुळण्याची शक्यता आहे ती साखर पट्ट्यात. तेथे प्रेसमड आहे, मद्यार्क प्रकल्पाचे सांडपाणी आहे, उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरची वाफ आहे, यंत्रे चालविणारे कुशल हात आहेत आणि वायूचे प्रमाण गोशाळेच्या कैक पटींनी अधिक आहे. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही एकाच वेळी वापरले, की संश्लेषण वायूतील हायड्रोजनचे प्रमाण मिथेनॉलला मानवेल इतके करता येते आणि काजळीही कमी होते. भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आज आयात करतो. इथेनॉलने साखर कारखान्यांना जसा दुसरा आधार दिला, तसा तिसरा आधार येथे मिळू शकतो. गळीत हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा, ही त्यातील मोठी अडचण. वर्षातून एकदा भट्टी थंड करून पुन्हा पेटविणे उत्प्रेरकाला मानवत नाही. पण मद्यार्क प्रकल्प हंगामाबाहेरही चालविता येतात आणि तेवढ्या वायूवर भट्टी तेवती ठेवता येते.

असा एक तरी सहकारी साखर कारखाना निवडून त्याच्या आवारात परीक्षण केंद्र उभारले पाहिजे. ते दिखाऊ प्रकल्पाच्या थाटाचे असू नये. अंगठ्याएवढ्या दहा-बारा नळ्यांची एक भट्टी असावी. देशातील कोणत्याही प्रयोगशाळेने आपला उत्प्रेरक आणावा, तो त्याच कारखान्याच्या खऱ्या वायूवर सलग पाच हजार तास चालवावा, आणि निकाल चांगला असो वा वाईट, तो जाहीर करावा. कोणता उत्प्रेरक कितव्या तासाला, कशाने निकामी झाला, ही नोंद यशाच्या निबंधाहून अधिक मोलाची ठरेल. हरित हायड्रोजन अभियानाच्या रकमेच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. पाच हजार तासांत जो टिकेल, त्याच्या पहिल्या काही टनांच्या खरेदीची हमी सार्वजनिक क्षेत्रातील तेल किंवा खत कंपन्यांनी द्यावी. सिंद्रीच्या काळात ती हमी शेजारचा कारखानाच देत होता. आणि खरेदीच्या करारातच निकामी झालेला उत्प्रेरक परत घेण्याची अट असावी. आज अशा उत्प्रेरकाची गणना घातक कचऱ्यात होते. गोव्यात निकेल आणि कोबाल्टवर प्रक्रिया करणारा उद्योग आहे. कोल्हापूर-सांगलीच्या भट्ट्यांतून निघालेला निकेल घाट उतरून तेथे जावा आणि शुद्ध होऊन पुन्हा वर यावा, एवढे हे अंतर आहे.